टाक, तेराफीम आणि देवचार

नाणे मावळातल्या वडिवळ्यासारख्या गावात एखाद्या जुन्या घराचा देव्हारा पाहिला, तर त्यात टाक हमखास असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबा, भवानी, एखाद्या घरी लढाईत पडलेला वीर. भाऊ वेगळे निघाले की रान, गोठा, भांडीकुंडी यांची वाटणी होते आणि मग टाकांचा विषय निघतो. मूळचे टाक थोरल्याकडे राहायचे का, धाकट्याने नवे घडवून घ्यायचे का, यावर घराघरांत बोलणी झालेली असतात. टाकांची किंमत चांदीच्या भावाने होत नाही. घराणं कोणाच्या हाती राहिलं, याची ती खूण असते.

हे ज्याला ठाऊक आहे त्याला बायबलच्या पहिल्याच पुस्तकातली, उत्पत्तीमधली एक गोष्ट चटकन उमगते. याकोब वीस वर्षं सासऱ्याच्या, लाबानाच्या घरी राबतो आणि एक दिवस बायकामुलं, मेंढरं घेऊन न सांगता निघून जातो. निघताना त्याची बायको राहेल बापाच्या घरातले देव चोरते. लाबान सात दिवसांची वाट तुडवत त्यांना गाठतो. मुलींचा निरोपही घेऊ दिला नाहीस, ही तक्रार तो करतोच, पण त्याचा खरा सवाल वेगळा आहे : माझे देव का चोरलेस? मग तंबूंची झडती सुरू होते. राहेल उंटाच्या खोगिरात देव लपवते, त्यावर बसून राहते आणि पाळी आलीय, उठता येत नाही, असं बापाला सांगते. लाबान रिकाम्या हाताने बाहेर पडतो.

आता या गोष्टीतले हिब्रू शब्द जवळून पाहू. गोष्ट सांगणारा म्हणतो की राहेलीने ‘तेराफीम’ चोरले. लाबान म्हणतो की माझे ‘एलोहीम’ चोरीला गेले. ‘एलोहीम’ हा बायबलमध्ये खुद्द परमेश्वरासाठी येणारा शब्द आहे. खोगिरातली वस्तू एकच. ज्याची ती आहे त्याच्या तोंडी तो देव, आणि सांगणाऱ्याच्या तोंडी निराळंच काही.

बायबल खोट्या देवांविरुद्ध बोलतं, हे मराठी वाचकाने ऐकलेलं असतं. पण मुळात ‘खोटा देव’ याला हिब्रूत कोणता शब्द आहे, असं विचारलं तर उत्तर चमत्कारिक मिळतं. असा एक ठरलेला शब्दच नाही. दहा-बारा वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा आरोप वेगळा आहे. एक म्हणतो, हा परका आहे. दुसरा म्हणतो, हा माणसाने बनवलेला आहे. तिसरा म्हणतो, हा पोकळ आहे. चौथा शिवी देतो. पाचवा म्हणतो, हा आहे खरा, पण देव नाही. भाषांतरात या सगळ्यांचं मिळून ‘मूर्ती’ किंवा ‘दैवत’ झालं, की आरोपांमधला फरक पुसला जातो आणि मूळ लेखक कोणाशी आणि कशावरून भांडत होते तेच कळेनासं होतं.

एकच नाम, क्रियापद निराळं

‘एलोहीम’पासून सुरुवात करायला हवी. रूपाने हा शब्द अनेकवचनी आहे. शेवटचं ‘-ईम’ हे हिब्रूतलं पुल्लिंगी अनेकवचनाचं चिन्ह. तरी परमेश्वराबद्दल बोलताना क्रियापद एकवचनी येतं. मराठीत आपण ‘गुरुजी आले’ म्हणतो, म्हणजे माणूस एक आणि आदरासाठी क्रियापद अनेकवचनी. हिब्रूने नाम अनेकवचनी ठेवलं आणि क्रियापद एकवचनी केलं. त्यामुळे कित्येकदा कोणता देव अभिप्रेत आहे, हे क्रियापदावरून ठरतं. निर्गम नावाच्या पुस्तकात सोन्याचं वासरू घडवल्यावर लोक म्हणतात की मिसर देशातून यांनी आपल्याला बाहेर काढलं. वासरू एकच आहे, पण क्रियापद अनेकवचनी आहे. नाव तेच ठेवून लेखकाने नुसत्या व्याकरणाने निकाल दिला.

दहा आज्ञांमधल्या पहिल्या आज्ञेत ‘एलोहीम अखेरीम’ असे शब्द येतात. ‘अखेर’ म्हणजे दुसरा, अन्य. तिथे खोटे देव म्हटलेलं नाही, दुसरे देव म्हटलं आहे. आज्ञेचा रोख देव खरा की खोटा यावर नसून निष्ठेवर आहे : या लोकांनी एकाशी करार केला आहे, तेव्हा दुसऱ्याच्या दारात जायचं नाही. शास्ते नावाच्या पुस्तकात इफ्ताह हा इस्राएलचा पुढारी शत्रूला निरोप पाठवतो, त्यात तो म्हणतो की तुमच्या कमोश देवाने तुम्हाला जे दिलं ते तुम्ही ठेवा, आमच्या देवाने आम्हाला दिलं ते आम्ही ठेवतो. कमोश नाहीच, असं म्हणण्याची त्याला गरज वाटत नाही.

आणखी एक बारकावा. बायबलच्या हिब्रूत ‘देवी’ला शब्द नाही. सीदोनची अष्टोरेथ ही उघड उघड देवी, पण तिलाही ‘एलोहीम’च म्हटलं आहे. सातेरी, एकवीरा, यमाई, काळूबाई अशा नावांत वाढलेल्या मराठी माणसाला ही उणीव लगेच जाणवेल.

सुताराच्या आणि ओतारीच्या कामातले शब्द

दुसऱ्या आज्ञेत येणारा शब्द ‘पेसेल’. ‘पासल’ म्हणजे तासणं, कोरणं. त्यावरून पेसेल म्हणजे कोरून काढलेली वस्तू. त्याचा जोडीदार ‘मस्सेखा’, ‘नासख’ म्हणजे ओतणं यावरून. मराठी बायबलमध्ये ‘कोरीव मूर्ती’ आणि ‘ओतीव मूर्ती’ असे शब्द येतात ते या दोहोंसाठी, आणि हे भाषांतर चोख आहे. या शब्दांत शिवी नाही. वस्तू कशी तयार झाली एवढंच ते सांगतात. पण तेवढं सांगणं हाच त्यांचा युक्तिवाद आहे. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात एक सुतार झाड तोडतो. अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, मांस शिजवतो, शेकत बसतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. वाचकाची नजर लेखक सुताराच्या ओट्यावरून हलूच देत नाही.

आपल्याकडचा माणूस इथे रास्त हरकत घेईल. मूर्ती कारागिराकडून आली म्हणून ती देव होते, असं म्हणतं कोण? प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय ती दगड किंवा मातीच असते. ही हरकत बाबिलोनच्या लोकांनीही घेतली असती, कारण त्यांच्याकडेही असाच विधी होता. त्याला ‘मीस पी’, म्हणजे मुख धुणं, असं नाव होतं. त्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. नवी मूर्ती नदीकाठच्या बागेत नेत, तिचं तोंड पुन्हा पुन्हा धूत, मंत्र म्हणत. मग कारागिरांना पुढे आणून त्यांचे हात बांधत, झाऊच्या लाकडाच्या तलवारीने ते तोडल्याची खूण करत आणि कारागीर शपथेवर सांगत, की ही मी केली नाही, ही आमच्या कलेच्या देवतेने केली. मूर्ती माणसाने घडवली हा ठपका पुसण्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

मला या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची जागा वाटते. मूर्ती घडवणारे जो प्रश्न सोडवण्यासाठी कारागिराचे हात प्रतीकरूपाने तोडत होते, नेमक्या त्याच प्रश्नावर संदेष्ट्यांनी बोट ठेवलं. ‘पेसेल’ आणि ‘मस्सेखा’ हे शब्द वापरले की विधी आपोआप वगळला जातो. उरतो तो फक्त सुतार आणि ओतारी. यशयाला मूर्तिपूजेची माहिती नव्हती, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. त्याने शब्द जाणून निवडले.

वाफ आणि पोकळी

काही शब्द वस्तूकडे बघतच नाहीत. ‘हेवेल’ म्हणजे श्वास, वाफ, थंडीत तोंडातून निघून विरणारा धूर. उपदेशक या पुस्तकात सगळं आयुष्य व्यर्थ आहे असं म्हटलंय ते याच शब्दाने, आणि आदामाचा दुसरा मुलगा हाबेल याचं नावही हेच. यिर्मया संदेष्टा तो परक्या देवांना लावतो आणि पुढे म्हणतो की वाफेच्या मागे लागणारे स्वतःच वाफ झाले.

‘एलील’, अनेकवचनी ‘एलीलीम’, हा शब्द तर कानासाठी घडलाय. ‘एलोहीम’ आणि ‘एलीलीम’ एकापाठोपाठ एक म्हणून पाहा. फरक जेमतेम एका अक्षराचा, पण अर्थ कुठल्या कुठे जातो. ‘एलील’ म्हणजे कुचकामी, निरुपयोगी. ईयोब आपल्या उपदेशक मित्रांना ‘एलील वैद्य’ म्हणतो, म्हणजे ज्यांच्या औषधाने गुण येत नाही असे वैद्य. जखऱ्याच्या पुस्तकात कळप सोडून पळणारा मेंढपाळ ‘एलील’ आहे. थोडक्यात, देवाला ‘एलील’ म्हणणं म्हणजे तो कामाला येत नाही असं म्हणणं. शहाण्णवाव्या स्तोत्रात राष्ट्रांचे एलोहीम हे एलीलीम आहेत असं गाऊन म्हटलं जातं, तेव्हा ऐकणाऱ्याला अर्थाच्या आधी नादच पटत असणार. मराठीत हा खेळ उतरत नाही. दुसऱ्या कोणत्या भाषेत उतरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

घाणेरडे शब्द, आणि ते कोणासाठी होते

यहेज्केलचा आवडता शब्द ‘गिल्लुलीम’. तो बायबलमध्ये 48 वेळा येतो, त्यांपैकी 39 वेळा एकट्या यहेज्केलमध्ये. त्याचा संबंध ‘गालल’, म्हणजे गडगडणं, याच्याशी लावतात. पण शेणाच्या, विष्ठेच्या गोळ्यांना याच धातूवरून शब्द आहे आणि तोही यहेज्केलने वापरला आहे. तेव्हा ऐकणाऱ्याला काय ऐकू यायचं ते उघड आहे. ‘शिक्कूत्स’ म्हणजे किळस येईल अशी वस्तू. शलमोन राजाने बायकांच्या आग्रहाने ज्या देवांची ठाणी बांधली, त्यांना राजांच्या पुस्तकात हा शब्द लावला आहे.

हे शब्द कडवट आहेत आणि त्यांचा कडवटपणा झाकण्यात अर्थ नाही. मात्र ते कोणाला उद्देशून उच्चारले गेले ते पाहायला हवं. यहेज्केल हा इ.स.पू. 597 मध्ये बाबिलोनला धरून नेलेल्या लोकांतला एक पुरोहित. त्याच्यासमोर बसलेले सगळे त्याच्याचसारखे पराभूत, देशोधडीला लागलेले यहुदी. बाबिलोनच्या लोकांना तो काही सांगत नव्हता. आपण आपल्याच घरात हे देव आणून बसवले आणि म्हणून ही वेळ आली, असं तो आपल्या माणसांना सांगत होता. हे घरातलं भांडण होतं, आणि घरच्या भांडणात माणूस परक्यासमोर बोलणार नाही असे शब्द वापरतो.

‘बाल’ या शब्दाची कहाणी हेच दाखवते. हिब्रूत ‘बाल’ म्हणजे मालक, धनी. बायको नवऱ्याला ‘बाल’ म्हणते, जसं आपल्याकडे बायका ‘आमचे धनी’ म्हणत. ते एका देवाचंही नाव होतं : पाऊस आणि वादळ आणणारा बाल. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित इथे 1929 पासून झालेल्या उत्खननात त्याच्या लांबलचक कथा मातीच्या पाट्यांवर मिळाल्या. पण एके काळी इस्राएलचे लोक आपल्या परमेश्वरालाही बिनदिक्कत ‘बाल’ म्हणत. दावीदाच्या एका सैनिकाचं नाव ‘बाल्या’, म्हणजे ‘परमेश्वर हाच धनी’. शौल राजाच्या मुलाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात ‘एश्बाल’ आहे, पण शमुवेलच्या पुस्तकात तोच मुलगा ‘ईश्बोशेथ’ होतो. ‘बोशेत’ म्हणजे लाज. पुढच्या काळातल्या लेखनिकांनी ‘बाल’ खोडून तिथे ‘लाज’ लिहिलं. खिर्बेत कैयाफा इथे सापडलेल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका रांजणावर ‘ईश्बाल’ हे नाव कोरलेलं आहे आणि ते 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे त्या काळी हे सरळ चालणारं नाव होतं. होशेय संदेष्टा इ.स.पू. आठव्या शतकात सांगतो, की यापुढे मला ‘माझा बाल’ म्हणू नका, ‘माझा नवरा’ म्हणा. अर्थ जवळजवळ एकच, तरी एक शब्द बाद करायचा होता, कारण शेजारच्या देवाशी गोंधळ होत होता.

आपल्याच लोकांबद्दल बोलणारा हा पहिल्या पुरुषातला सूर महाराष्ट्रातही ऐकू येतो. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांची मातृभाषा मराठी. 1874 मध्ये पुण्यात त्यांच्यासाठी हिब्रू आणि मराठी अशी दुभाषी हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या वेळी वाचायची ही पोथी. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. हग्गादात एक जागा अशी येते, जिथे यजमानाने मोठ्याने म्हणायचं असतं की मुळात आमचे पूर्वज ‘अवोदा झारा’ करत होते. ‘अवोदा’ म्हणजे सेवा, ‘झारा’ म्हणजे परकी. खोट्या देवांच्या पूजेला यहुदी परंपरेने पुढे हेच नाव कायम केलं. दरवर्षी ते सर्वांत आधी स्वतःच्या घराण्याबद्दल उच्चारलं जातं.

चौकट : शब्द आणि आरोप

एलोहीम अखेरीम : दुसरे देव. आरोप निष्ठा मोडल्याचा.
पेसेल, मस्सेखा : कोरलेलं, ओतलेलं. आरोप हाताने घडवल्याचा.
हेवेल, एलीलीम : वाफ, कुचकामी. आरोप पोकळपणाचा.
गिल्लुलीम, शिक्कूत्स, बोशेत : घाण, किळस, लाज. इथे आरोप संपून शिवी सुरू होते.
शेदीम : आत्मे. आरोप असा की हे आहेत, पण देव नाहीत.
तेराफीम : घरचे देव. नुसतं वस्तूचं नाव. रागाने म्हटलं की नाही ते गोष्टीवरून ठरतं.

अलेक्झांड्रियातली गाळणी

इ.स.पू. तिसऱ्या शतकात मिसरमधल्या अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांना हिब्रू कळेनासं झालं होतं. त्यांच्यासाठी शास्त्राचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. भाषांतरकारांसमोर पेसेल, एलीलीम, गिल्लुलीम, तेराफीम असे ढीगभर शब्द होते. त्यांनी त्यांपैकी बरेचसे एकाच ग्रीक शब्दात घातले : ‘एइदोलॉन’.

ग्रीकांमध्ये हा काही मूर्तीचा नेहमीचा शब्द नव्हता. देवळातल्या मूर्तीला ते ‘आगाल्मा’ म्हणत, ज्यात प्रसन्न करणारी वस्तू असा भाव आहे. ‘एइदोलॉन’ म्हणजे भास, छाया, पाण्यातलं प्रतिबिंब. होमरच्या ओडिसीत पाताळात गेलेला ओडिसियस मेलेल्या आईला तीनदा मिठी मारायला जातो आणि ती दर वेळी हातातून निसटते. तिथे त्याला शंका येते की हे ‘एइदोलॉन’ तर नाही. ज्या धातूवरून तो शब्द आला, तो आणि आपला ‘विद्’ हे एकाच मुळाचे. पाहणं आणि जाणणं हा त्यांचा अर्थ. म्हणजे डोळ्यांना दिसतं, पण हाताला लागत नाही, ते एइदोलॉन. भाषांतरकारांनी ‘आगाल्मा’ जवळपास टाळलं आणि हा शब्द उचलला, यात ‘हेवेल’ आणि ‘एलील’ यांची पोकळी त्यांनी नेमकी पकडली. पण त्याच झटक्यात कोरलेलं, ओतलेलं, चोरलेलं सगळं एका पोत्यात गेलं.

इथे मावळाची आठवण होते. वडिवळ्याहून फार लांब नसलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात, आज जिथे शेजारी एकवीरेचं देऊळ आहे तिथे, खांबांवर दात्यांची नावं आहेत. त्यांत धेनुकाकट गावच्या ‘यवनां’ची नावं आहेत. यवन हा शब्द आपल्याकडे ग्रीकांवरून आला. दात्यांची नावं भारतीय वळणाची आहेत आणि दान बौद्ध संघाला आहे. बौद्ध संघाला खांब देणारे हे लोक आणि ‘एइदोलॉन’ची शिवी करणारे अलेक्झांड्रियातले भाषांतरकार, दोघांवरही ग्रीक नावाची छाया आहे. शब्द कोणाचा यापेक्षा तो कोणाच्या तोंडी आहे, याने अर्थ ठरतो.

ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याने करिंथच्या मंडळीला इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या पत्रात तर एका ताटावर दोन शब्द येतात. देवळात बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारात विकायला यायचं. ख्रिस्ती माणसाने ते खावं का? ख्रिस्ती लोकांत त्या मांसाचा शब्द होता ‘एइदोलोथुटॉन’, म्हणजे मूर्तीला वाहिलेलं. पौल सांगतो, कोणी जेवायला बोलावलं तर ताटात आलेलं खा, चौकशी करू नका. पण कोणी म्हणालं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. जुन्या हस्तलिखितांत इथे सांगणाऱ्याच्या तोंडी ‘हिएरोथुटॉन’ आहे, म्हणजे पवित्र नैवेद्य. दुसऱ्याच्या घरी, त्याच्या पंगतीला, त्याचाच आदराचा शब्द पौलाने लिहिला. पौलाच्या कडकपणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. या एका शब्दातली रीत मात्र सहसा कोणी दाखवत नाही.

राखणदाराचा सैतान

आता राहिला ‘शेदीम’. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात म्हटलंय की लोकांनी शेदीमना बळी दिले, ते देव नव्हते. मेसोपोटेमियात ‘शेदू’ हा माणसाची, घराची, दाराची राखण करणारा आत्मा. अश्शूरच्या राजवाड्यांच्या दारांवर माणसाच्या तोंडाचे, पंख असलेले प्रचंड बैल उभे असत, त्यांना शेदू किंवा लामास्सू म्हणत. शेजारच्या देशातला हा राखणदार हिब्रूत आला तो देव नसलेला म्हणून.

ग्रीकमध्ये त्याचं ‘दायमोनिऑन’ झालं. हाही शब्द मुळात वाईट नव्हता. सॉक्रेटिस आपल्याला चुकीच्या वाटेवरून अडवणाऱ्या आतल्या आवाजाला दायमोनिऑन म्हणे. पौल अथेन्समध्ये बोलला तेव्हा काही लोक म्हणाले, हा कुठल्या तरी परक्या दायमोनिऑनांचा प्रचार करतोय. त्यांच्या मनात तेव्हा ‘नवे देव’ एवढंच होतं. त्याच पौलाच्या करिंथच्या पत्रात मात्र दायमोनिऑन म्हणजे ज्याच्याशी संबंध ठेवू नये असा दुष्ट आत्मा. शहाण्णवाव्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातही एलीलीमच्या जागी दायमोनिऑन बसलं. हिब्रूत जे ‘काहीच नाही’ होतं, ते ग्रीकमध्ये ‘आहे आणि घातक आहे’ झालं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा बदल हाच. पोकळ वस्तूकडे दुर्लक्ष करता येतं. भुताची भीती धरावी लागते.

हा बदल कसा होतो, ते पाहायला गोव्याला गेलं तरी पुरे. गोवा आणि सिंधुदुर्गातल्या हिंदूंच्या बोलीत ‘देवचार’ म्हणजे गावाचा राखणदार. रात्री शीव फिरून तो गाव सांभाळतो, त्याला रोट ठेवतात. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत ‘देवचार’ म्हणजे सैतान. गाव एक, शब्द एक. धर्म बदलला आणि राखणदाराचा सैतान झाला. पारशांच्या अवेस्तात ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती आणि ‘अहुर’ म्हणजे थोर. आपल्याकडे ‘देव’ आणि ‘असुर’ यांचं उलट आहे. पारशी शेजाऱ्याशी या शब्दावर बोलून पाहावं, मौज वाटते.

मराठीत आल्यावर

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ख्रिस्ताच्या स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ हा इथल्या भक्तांचा शब्द घेतला. आपल्या देवासाठी या मातीतले शब्द चालत होते. अडचण दुसऱ्याच्या देवाला काय म्हणायचं याची होती. 1811 मध्ये सेरामपूरहून मिशनरी कॅरी यांचा मराठी नवा करार निघाला. पुढे मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आले. त्यांनी 1832 मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीत हिब्रूचं व्याकरण छापलं, म्हणजे हे शब्द मुळातून वाचण्याची सोय मराठी माणसाला तेव्हाच झाली. त्याच विल्सन यांचा 1831 मध्ये मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद झाला आणि मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिलं.

अशा वादांत मूर्तिपूजा हा हमखास निघणारा विषय, आणि त्यात एक घोटाळा शब्दाचा होता. ‘एइदोलॉन’ मुळी तुच्छतेनेच वापरलेला शब्द. त्याच्या जागी मराठीत आलेला ‘मूर्ती’ हा मायेचा शब्द; सद्गुणी माणसालाही आपण ‘चांगुलपणाची मूर्ती’ म्हणतो. पाद्री ‘मूर्ती’ म्हणे तेव्हा त्याच्या मनात पोकळ भास असे, शास्त्री ‘मूर्ती’ ऐके तेव्हा त्याच्या मनात प्राणप्रतिष्ठा झालेलं सगुण रूप असे. दोघे एकच अक्षरं उच्चारत आणि बोलत मात्र दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. ‘दायमोनिऑन’साठी आलेल्या ‘भूत’ शब्दाचं तेच. मावळात भूत म्हणजे मेलेल्याचा भटकता आत्मा, पण खाली तुळू मुलखात ‘भूत’ ही पूजा घेणारी, न्याय देणारी देवता आहे.

शब्दांचं हे ओझं पंडिता रमाबाईंना चांगलं ठाऊक असणार. गंगामूळच्या डोंगरात 1858 मध्ये जन्मलेल्या, आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणं सांगत वाढलेल्या या बाईंना देवळाची भाषा आतून येत होती. पुणे जिल्ह्यातच, दौंडच्या अलीकडे केडगावला, मुक्ती सदनात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सरळ मुळातून मराठी केलं. साध्या बायकांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. 1922 मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं. ते मुक्ती सदनाच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं. हिब्रू, ग्रीक आणि संस्कृत तिन्ही येणारी आणि पुराणिकाच्या घरात वाढलेली अशी भाषांतरकार जगात दुसरी कोण असेल, मला सांगता येत नाही.

हे सगळं पडताळायला हिब्रू यायलाच हवं असं नाही. घरात मराठी बायबल असेल तर अनुवादाचा बत्तिसावा अध्याय उघडा आणि सोळा, सतरा, एकवीस ही तीन वचनं शेजारी शेजारी वाचा. सोळाव्यात परक्या देवांना हिब्रूत ‘झारीम’ म्हटलंय, म्हणजे परके, आणि जोडीला ‘तोएवोत’, म्हणजे ओंगळ गोष्टी. सतराव्यात ते शेदीम होतात, मग कधी ओळख नसलेले, मग कालपरवा आलेले. एकविसाव्यात ते ‘लो-एल’ होतात, म्हणजे देव-नव्हे, आणि त्यानंतर लगेच ‘हेवेल’, वाफ. सहा वचनांच्या अंतरात एवढे आरोप, आणि त्यांतले काही एकमेकांशी जुळतही नाहीत; जो वाफ आहे तो आत्मा कसा असेल? हाताशी असलेल्या मराठी प्रतीत यांतल्या किती छटा टिकल्या, ते शब्दागणिक मोजता येईल. हे काव्य इस्राएलचा पुढारी मोशे याच्या तोंडी आहे आणि ते ऐकायला जमलेले सगळे त्याचेच लोक आहेत.